खंडेनवमीची बंदूक

बंदुकीच्या लायसनसाठी माणिकराव आदिलाबादच्या कचेरीत खेटे घालू लागले तेव्हा त्यांना तेलुगू येत नव्हती. ती त्यांना कचेरीनेच शिकवली. पहिले दोन शब्द होते 'रेपु रा', म्हणजे उद्या ये. आपल्या गावाहून, बेल्याहून, बसने यायचं, खिडकीपुढे उभं राहायचं, 'रेपु रा' ऐकायचं आणि परत बसमध्ये बसायचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब असं आपण म्हणतो, पण ते म्हणणारा माणूस बंदुकीच्या लायसनसाठी कधी गेला नसावा. सहा महिन्यांत तर माणिकरावांचा कागद एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर सरकला होता.

तोवर ते एका जिनिंगच्या फाटकावर काठी घेऊन उभे राहायचे. कापसाच्या गाड्या आल्या की फाटक उघडायचं, गेल्या की लावायचं. ड्रायव्हर त्यांना 'ए वॉचमन' म्हणायचे. आणि चाळिशी उलटलेल्या, घरात मुलगी वाढत असलेल्या माणसाला 'ए' म्हणून घ्यायचं म्हणजे काय असतं, ते ज्याला कुणी म्हटलं आहे त्यालाच ठाऊक. मग आदिलाबादजवळच्या मावल्याचा सुरेंद्र भेटला. बँकांच्या एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या एका एजन्सीत तो सुपरवायझर होता. तो म्हणाला, "काका, काठीवाले छप्पन मिळतात. बंदुकीचं लायसन आना, उद्यापासून कॅशच्या गाडीवर घेतो."

तेव्हापासून माणिकरावांना वेड लागलं. दरख्वास्त दिली. ठाण्यातून चौकशी झाली, तहसीलमधून झाली. बंदूक चालवायचं शिक्षण घेतल्याचा कागद झाला. डॉक्टरने डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. तो दाखला त्यांनी गावभर दाखवला. "अख्ख्या गावात डोकं ठिकाणावर असल्याचा सरकारी कागद एकट्या माह्याजवळ हाय," असं म्हणून ते पारावर हसायचे, आणि लोकही हसायचे, कारण ते खरंच होतं.

शेवटी लायसनचं पुस्तक हातात पडलं त्या दिवशी साहेबांनी त्यांना समोर उभं करून अटी सांगितल्या. भराभर, तेलुगूत. दारू पिऊन बंदूक हातात घ्यायची नाही, लग्नावरातीत बार काढायचा नाही, मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचं, एवढं माणिकरावांच्या डोक्यात शिरलं. साहेब पुढेही बरंच बोलले. माणिकरावांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. एवढ्या खेट्यांनंतर साहेबांनी विहिरीत उडी मारायला सांगितलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती. पुस्तकावर सगळं इंग्रजीत छापलेलं होतं आणि माणिकराव शिकले होते मूळ गावच्या मराठी शाळेत.

कुणाकडून तरी जुनी बारा बोरची बंदूक रीतसर नावावर झाली आणि माणसाचं रूपच पालटलं. खाकी शर्ट, खांद्याला पट्टा. कॅशची गाडी चौकात थांबली की माणिकराव आधी उतरायचे, चहूकडे पाहायचे, मग पेट्या उतरायच्या. पानठेल्यावरची पोरं बाजूला व्हायची. 'ए वॉचमन' गेलं आणि 'बंदूकवाले काका' आलं. पूनमचं लग्न तामसी गावच्या गोपालशी जुळलं तेव्हा मुलाकडच्यांनी पहिली चौकशी हीच केली होती की, कॅशच्या गाडीवर बंदूक घेऊन असतात तेच ना? माणिकरावांजवळ शेत नव्हतं, दुकान नव्हतं. जे होतं ते हे लायसन. ते गेलं तर परत फाटक, परत काठी, आणि आता साठीकडे झुकलेल्या माणसाला ती काठीही कोण देणार?

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण घात तिथेच झाला.

माणिकरावांचं मूळ घर पैनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्रात. तिथे थोरले भाऊ लक्ष्मणराव राहतात. भावाभावांत वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, एक नदीच्या अल्याड आला, एक पल्याड राहिला. पण या घराण्याची रीत अशी की, खंडेनवमीला सगळ्यांचं लोखंड एका ठिकाणी बसलं पाहिजे. थोरल्याच्या देवघरात आजोबांची गंजकी तलवार, तिच्या बाजूला पुतण्यांची पाती, विळे, कुऱ्हाडी, लक्ष्मणरावांच्या ट्रॅक्टरचा पाना, आणि बंदूक आल्यापासून तिचाही मान तिथेच. माणसं रुसतात, वर्षवर्ष बोलत नाहीत, पण लोखंड एकत्र बसतं. ज्याचं हत्यार त्या दिवशी पूजेला पोचलं नाही, त्याचं हत्यार त्याच्यावरच उलटतं, असं माणिकरावांची आई सांगायची. म्हणून दरवर्षी नवमीला ते आंघोळ करून बंदूक धुतलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळायचे. त्या दिवशी तिला विटाळ चालत नाही. मग पूल ओलांडून घेऊन जायचे. पुलाच्या या टोकाला तेलंगणा, त्या टोकाला महाराष्ट्र. आमच्याकडे त्या पुलावरून मुली सासरी जातात, वासरं बाजाराला जातात, भांडणं कोर्टात जातात. पूल म्हणजे सरहद्द आहे हे फक्त नकाशाला माहीत.

यंदा मात्र माणिकरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरने प्रवास नको म्हणून बजावलं होतं. ड्युटीला सुट्टी, बंदूक घरी. जावई गोपाल पूनमला घेऊन दसऱ्यासाठी आला होता. गोपाल म्हणजे गरीब गाय. भाजीचा मळा, आणि आदिलाबादच्या बाजारात भेंडी-वांगी पोचवणं, यापलीकडे त्याचं जग नाही. कुत्र्यावर दगड उगारला तर आधी त्याचाच हात थरथरायचा.

"जावईबापू, यंदा तुमी घेऊन जा," माणिकराव म्हणाले.

त्यांची बायको रेणुकाबाई चुलीपासून म्हणाली, "जावयाच्या हाती कायले देता? एक वर्स घरीच कुंकू लावलं तं देव काय रागावते?"

"तुले नाही समजत. अन् लायसन संगं देऊन राह्यलो ना! गाडीचे कागद गाडीसंगं असले म्हन्जे कोनी बी चालवली तं पोलीस काय म्हनते? तसंच हाय हे."

झालं. बंदुकीचं लायसन आणि मोटारसायकलचे कागद, दोन्ही एकाच माळेचे मणी, असा हिशेब करून ते मोकळे झाले. त्यात त्यांना कणभरही शंका नव्हती. गोपालला होती. त्याने दोनदा विचारलं, "मामाजी, चालते ना?" आणि सासरा चालते म्हणतो म्हणून बिचाऱ्याने बंदूक पाठीला बांधली. कापडात लायसन होतं, आणि काडतुसंही होती, कारण कुंकू काडतुसांनाही लागतं.

पलीकडच्या गावात तीनचार दिवसांआधी सराफाच्या दुकानावर दरोडा पडला होता. पुलाच्या त्या टोकाला नाकाबंदी होती. हे इकडे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

दुपारी लक्ष्मणरावांचा फोन आला. "माणिक, गोपालले धरलं रे नाक्यावर. बंदूक लपवून आनली म्हनते."

"लपवून? लायसन हाय त्याच्यापाशी!"

"थे तुह्या नावाचं हाय. अन् तुमच्या राज्यापुरतंच हाय म्हनते. साहेब मले वाचून दाखवून राह्यला. दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, पुलाच्या इकडे आनता येत नाही. पोट्टा जेलात जाइन म्हनते, दोन वर्सं तरी."

माणिकरावांनी फोन ठेवला. ते तिथेच ओट्यावर बसले. ज्या कापडात सोवळ्याने बांधलं, त्याच कापडाला पोलीस लपवणं म्हणत होते. आणि दरवर्षी आपण स्वतः तीच बंदूक घेऊन त्याच पुलावरून गेलो, तेव्हाही गुन्हाच करत होतो, हे त्यांना या वयात, डोळ्याला हिरवी पट्टी असताना, भावाच्या तोंडून कळलं. दाराशी पूनम उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. आत जाऊन नवऱ्याचा शर्ट पिशवीत भरू लागली, जणू तो परगावी गेला होता.

संध्याकाळी माणिकरावांनी सुरेंद्रला फोन लावला. त्यांना वाटलं, शहरातला माणूस, चार पोलीस ओळखीचे असतील. सुरेंद्रने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काका, नीट ऐका. तुमी देली म्हनान तं तुमी बी आरोपी. लायसन रद्द. अन् ज्याच्या नावावर गुन्हा, त्याले मी गाडीवर ठेवू शकत नाही, माह्या हातात नाही थे. पन तुमच्या डोळ्याले पट्टी हाय ना? तुमाले दिसत नाही. जावयानं न विचारता उचलली, तुमाले पत्ताच नाही. असं म्हना. मंग तुमी फिर्यादी ठरता."

"अन् गोपाल?"

"त्याले तं तसं बी धरलंच हाय. तुमी आत गेले म्हनून थो बाहेर येत नाही, काका. कायद्यात तसं नाही. एक बुडून राह्यला तं दुसऱ्यानं कायले उडी घ्याची? तुमी बाहेर असान, कमावते असान, तं वकील कराल, जमानत कराल."

सुरेंद्रने फोन ठेवल्यावर माणिकराव कितीतरी वेळ तो तसाच कानाशी धरून बसले होते. सुरेंद्रच्या हिशेबात एकही वाक्य चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. मनातल्या मनात ते शंभरदा 'मीच देल्ली' म्हणाले आणि शंभरदा त्यांना फाटक दिसलं. 'ए वॉचमन' ऐकू आलं. नाही, तेही नाही. जेल दिसलं. आपण जेलात, जावई जेलात, मागे दोन बायका. मग वाटे, सुरेंद्र सांगतो तेच शहाणपण. मग वाटे, पूनमला तोंड कसं दाखवू? अंथरुणावर पडले की डोळा ठणकायचा, उठले की छाती. रेणुकाबाईंना त्यांनी सुरेंद्रचं बोलणं सांगितलं. त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मेली ती भिंत तरी काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं माणिकरावांना वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी बापलेक शेजाऱ्याच्या ऑटोने निघाले. पूल ओलांडताना पूनम म्हणाली, "बाबा, तुमी सांगसान ना साहेबाले? तुमीच देल्ली म्हनून?"

"हाव."

"त्याईची काही चूक नाही. तुमी सांगतलं की समजन साहेबाले. सोडतीन मंग."

"हाव पोरी," माणिकराव म्हणाले आणि नदीकडे पाहू लागले. खरं सांगायचं तर त्या क्षणी आपण काय बोलणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. माणूस चांगला की वाईट ते आधी ठरत नाही. जीभ उचलली जाते तेव्हा ठरतं.

ठाण्यात दसऱ्याची पूजा नुकतीच झाली होती. टेबलावर पांढरं कापड अंथरून पोलिसांच्या बंदुका मांडलेल्या होत्या, प्रत्येकीला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. शिपाई पेढे वाटत होता. त्याने माणिकरावांच्या हातावरही एक पेढा ठेवला. माणिकराव त्या बंदुकांकडे पाहतच राहिले. त्यांची बंदूक कोपऱ्यातल्या कपाटाला टेकून उभी होती, नळीला चिठ्ठी बांधलेली, कुंकवाचा ठिपकाही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा मान हुकला होता, आणि तोही पूजेपासून दहा हातांवर. तो पेढा त्यांनी रुमालात बांधला.

फौजदार तरुण होता, कपाळावर ताजं कुंकू. बोलायला वाईट नव्हता. त्याने माणिकरावांना खुर्ची दिली. पूनम दाराजवळच्या बाकावर बसली. आतल्या गजांमागे गोपाल भिंतीला टेकून बसला होता. सासऱ्याला पाहताच तो उठून उभा राहिला. कोठडीतही जावई सासऱ्यापुढे बसून राहिला नाही.

"बंदूक तुमच्या नावावर आहे," फौजदार म्हणाला. "आज संध्याकाळी याला न्यायाधीशांसमोर उभं करायचंय. त्याआधी तुमचा जबाब हवा. तुम्ही हत्यार याच्या ताब्यात दिलं की नाही? विचार करून सांगा. दिलं असेल तर तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल. हे मी आधीच सांगून ठेवतो."

कॉम्प्युटरपुढे बसलेल्या पोलिसाने बोटं तयार ठेवली. बाहेर कुठेतरी ताशा वाजत होता. माणिकरावांनी पट्टी बांधलेल्या डोळ्यावर हात नेला, आणि तो हात तिथे गेला म्हणूनच की काय, जीभ त्या बाजूला वळली.

"मले दिसत नाही साहेब. ऑपरेशन झालं. मी पडून होतो. बंदूक कवा नेली, कोनं नेली, मले पत्ता नाही."

बोटं टपटप चालू लागली. माणिकरावांनी मागे वळून बाकाकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही.

फौजदार उठला आणि गजांपाशी गेला. "काय रे? तू काल म्हणालास सासऱ्याने पूजेला पाठवली. ते म्हणतात त्यांना माहीतच नाही. न विचारता उचललीस का?"

गोपालने सासऱ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं होतं. बाजारात उतरत्या भावाने भाजी देऊन टाकायची वेळ आली की तो जसा पाहायचा, तसं पाहिलं. मग त्याची नजर पूनमकडे गेली आणि खाली आली.

"हाव साहेब," तो म्हणाला. "मीच न विचारता नेली. मामाजीले ठाऊक नव्हतं. काल भेवानं त्याईचं नाव घेतलं मी."

"म्हणजे चोरली?"

गोपालने मान हलवली. अगदी तशीच, जशी माणसं साहेबापुढे हलवतात, काय कबूल करतो आहोत ते पुरतं न कळता.

"चोरी म्हणजे आणखी एक कलम लागेल, कळतंय का?"

"लागू द्या."

आणि तिथे माणिकरावांचं खोट्याला धरून बसायचं बळ संपलं. ते खुर्चीवरून उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. "खोटं बोलून राह्यला थो! साहेब, लिहू नका थे! मीच देल्ली. माह्या हातानं कापडात बांधून देल्ली. थो नाही म्हनत होता, दोन डाव इचारलं त्यानं मले. मी म्हनलं चालते. मी हरामखोर खोटं बोललो. थो पोट्टा काही चोर नाही!"

त्यांचा आवाज एवढा चढला होता की पेढे वाटणारा शिपाई धावत आला. फौजदाराने त्यांना धरून परत खुर्चीवर बसवलं, पाणी मागवलं.

"काका, पहिला जबाब टाईप झालाय."

"फाडून टाका."

"तसं फाडता येत नाही. दुसरा घेतो. पण कोर्टात दोन्ही जातील. वकील विचारेल, यातलं खरं कोणतं." मग त्याने गजांकडे बोट दाखवलं. "आणि याने काही हा सुटणार नाही. चोरीचं कलम टळेल, एवढंच. बिनलायसनचं हत्यार याच्या पाठीवर सापडलंय. तुम्ही दिलं तरी सापडलंच आहे."

"माहीत हाय," माणिकराव म्हणाले. "माहं नाव लिहा."

गोपाल गजांना धरून हळूच म्हणाला, "मामाजी, काय केलं हे? आता घरी कोन हाय?" दुसरा जबाब झाला, दस्तखत झाली, लायसनचं पुस्तक पाकिटात बंद झालं. एवढ्या खेट्यांनी मिळालेलं ते पुस्तक टेबलावरून जायला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

संध्याकाळी दोघांना जीपमध्ये बसवायला बाहेर काढलं. गावात लोक सोनं वाटत, पाया पडत हिंडत होते. पूनम दिवसभर त्या बाकावरून हलली नव्हती. आता ती उठून जवळ आली. नवऱ्याच्या हातात तिने शर्टाची पिशवी दिली, त्याच्या बाहीवरची धूळ झटकली. मग बापासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

"पह्यले काऊन तसं म्हनलं, बाबा?"

माणिकरावांनी खूप शोधलं. बायको, घर, नोकरी, वकील, जमानत, सुरेंद्र, सगळी कारणं ओळीने तयार होती. त्यातलं एकही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"भेलो व पोरी," ते म्हणाले.

शिपायाने गोपालला आत चढवलं, माणिकरावांचा दंड धरला. पूनम जीपच्या मागच्या फळीपर्यंत आली आणि तिने आत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"अन् थे नसतीन का भेले?" ती म्हणाली.